'हार्वेस्ट'वाले, 'ऑन द बीच'वाले आणि मी

रॉक गायक-गीतकार नील यंगचा सगळ्यात चांगला अल्बम कोणता, हा प्रश्न आमच्यात विचारायचा नसतो. विचारला की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, 'टुनाइट्स द नाइट'वरून हटत नाही. दादाचा मित्र ड्रम वाजवतो, त्यामुळे नीलचा साथीचा बँड क्रेझी हॉर्स सोबत नसलेला प्रत्येक अल्बम त्याला अर्धवट वाटतो. माझी भाची, जिने नील यंग फक्त मोबाइलवर ऐकलाय, बिनदिक्कत 'हार्वेस्ट' म्हणते आणि दादा कपाळाला हात लावतो. मी 'ऑन द बीच'वाली. त्यातही रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूची. आज भांडायला समोर कोणी नाही, तेवढ्यात माझं म्हणणं मांडून घेते.

वाद नीट व्हावा म्हणून आम्ही मागे नियम केले होते. लाइव्ह अल्बम नकोत, निवडक गाण्यांचे संग्रह नकोत, क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या त्रिकुटासोबत त्याने केलेलं काही नको. पहिल्याच फेरीत घोडं पेंड खाऊ लागलं (क्रेझी हॉर्स नव्हे, म्हणीतलं). 'रस्ट नेव्हर स्लीप्स' (१९७९) ठेवायचा की काढायचा? त्यातली बहुतेक गाणी १९७८ मध्ये लोकांसमोर वाजवलेली, मग टाळ्या-शिट्ट्या जमेल तितक्या पुसून, वर स्टुडिओत थोडं काम करून अल्बमवर आलेली. 'टाइम फेड्स अवे' (१९७३) तर उघडउघड लाइव्ह, पण त्यातलं एकही गाणं त्याआधी त्याच्या कुठल्या अल्बमवर नव्हतं. आणि 'हार्वेस्ट'वरचं 'द नीडल अँड द डॅमेज डन'? तेही १९७१ च्या एका कार्यक्रमातलं. शेवटी टाळ्या सुरू होतात आणि त्या टाळ्यांच्या मधूनच पुढचं 'वर्ड्स' धाडकन चालू होतं. नियम लावायचे तर 'हार्वेस्ट'मधून एक गाणं वजा करावं लागेल. भाचीने तिथेच नियमांचा कागद बाजूला सारला.

या माणसाची गाणी एका अल्बमवर स्थिर राहतच नाहीत, ही खरी अडचण. ऑगस्ट १९७६ मध्ये मालिबूच्या इंडिगो रँच स्टुडिओत एका रात्रीत त्याने एकट्याने गिटारवर गाणी म्हणून टाकली. त्यातलं 'पोकाहॉन्टस' वर थोडी भर घालून 'रस्ट नेव्हर स्लीप्स'वर आलं, 'कॅप्टन केनेडी' १९८० च्या 'हॉक्स अँड डव्ह्ज'वर, 'कॅम्पेनर' 'डेकेड' नावाच्या संग्रहात. ती अख्खी रात्र 'हिचहायकर' या नावाने बाहेर यायला २०१७ उजाडलं. मग 'पोकाहॉन्टस'चे गुण कुणाच्या खात्यात मांडायचे? दादा म्हणतो, जो अल्बम आधी बाजारात आला त्याच्या. ठीक आहे, पण हाच दादा 'टुनाइट्स द नाइट' आधी रेकॉर्ड झाला म्हणून त्याला 'ऑन द बीच'च्या आधीचा धरतो. सोयीप्रमाणे दोन्ही!

तर आधी 'हार्वेस्ट'. फेब्रुवारी १९७२ मध्ये आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. 'हार्ट ऑफ गोल्ड' हे त्याचं तिथलं एकमेव पहिल्या क्रमांकाचं सिंगल. पक्के चाहते या अल्बमकडे बघून नाकं मुरडतात, आणि मला वाटतं त्याचं संगीताशी फारसं देणंघेणं नाही. जो अल्बम सगळ्यांच्या घरी आहे त्यावर प्रेम करण्यात काय पराक्रम? मागच्या पिढीतल्या ज्यांच्याकडे रॉकच्या जेमतेम दहा रेकॉर्डी असतील, त्यांच्यातल्या कित्येकांकडे ही एक असते. एवढ्या एका कारणावरून तो 'सोपा' ठरतो.

सोपा कसला? नॅशव्हिलला तो कंट्री गायक जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी गेला होता, तिथल्या वादकांना आयत्या वेळी गोळा करून त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. त्याच कार्यक्रमासाठी आलेले लिंडा रॉन्स्टॅड आणि जेम्स टेलर मागून गायले. 'ओल्ड मॅन'मध्ये तो टणटणणारा बँजो-गिटार जेम्स टेलरचा. त्या काळात नीलच्या पाठीचं दुखणं इतकं होतं की जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं मुश्कील. बसून, हलकी अकूस्टिक घेऊन वाजवणं आलं. लोक ज्याला 'हार्वेस्ट'चा निवांतपणा म्हणतात त्यात या पाठीचा वाटा आहे. आणि 'आर यू रेडी फॉर द कंट्री', 'अलाबामा', 'वर्ड्स' ही गाणी त्याच्या रँचवरच्या गोठ्यासारख्या जुन्या लाकडी कोठारात वाजवलेली. ग्रॅहम नॅशने सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: नीलने त्याला होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि अल्बम ऐकवला. स्टिरिओचा एक कान म्हणजे अख्खं घर, दुसरा कान म्हणजे अख्खं कोठार. काठावरून एकाने आवाज कसा वाटतोय विचारलं, तर नील ओरडला, कोठार वाढव!

एक मान्य करते. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन केलेल्या दोन गाण्यांपैकी 'देअर्स अ वर्ल्ड' मला आजही सोसत नाही, मी ते पुढे ढकलते. 'अ मॅन नीड्स अ मेड'बद्दल मात्र मी दादाशीही भांडेन आणि भाचीशीही. त्या ऑर्केस्ट्राच्या गदारोळात आवाज जितका एकटा पडतो, तितका तो नुसत्या पियानोवर पडत नाही.

आता पुढचे तीन. 'टाइम फेड्स अवे', 'ऑन द बीच' आणि 'टुनाइट्स द नाइट' यांना चाहते मिळून 'डिच ट्रिलॉजी' म्हणतात. 'डेकेड'च्या टिपणात नीलने लिहिलंय की 'हार्ट ऑफ गोल्ड'ने त्याला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे कंटाळा आला म्हणून गाडी कडेच्या चरात घातली, तिथे माणसं जास्त मजेची भेटली. ऐकायला ऐटबाज आहे. प्रत्यक्षात काय झालं होतं? नोव्हेंबर १९७२ मध्ये दौऱ्याच्या तालमी चालू होत्या. क्रेझी हॉर्सचा गिटारवादक डॅनी व्हिटन हेरॉइनच्या आहारी इतका गेला होता की त्याला गाणी लक्षात राहीनात. नीलने त्याला ५० डॉलर आणि विमानाचं तिकीट देऊन लॉस एंजलिसला परत पाठवलं. त्याच रात्री व्हिटन गेला. काही महिन्यांत ब्रूस बेरी, त्यांच्या वाद्यांची ने-आण करणारा पोरगा, तोही गेला, हेरॉइनने. त्यानंतरच्या तीन अल्बमांना 'कंटाळा आला म्हणून वळलो' हे कारण पुरत नाही.

'टाइम फेड्स अवे'च्या दौऱ्यात लोक 'हार्वेस्ट' ऐकायला येत होते आणि हा त्यांना कधी न ऐकलेली गाणी घसा ताणून ऐकवत होता. पुढे त्याने स्वतःच या अल्बमला आपला सगळ्यात वाईट अल्बम म्हटलं. सीडीचा जमाना आला, उताराला लागला, तरी हा सीडीवर नव्हता. २०१७ मध्ये एका संचात आला. तेवढी वर्षं त्याच्याबद्दल जे बोललं जायचं ते जवळजवळ पुराणकथेसारखं. ज्याच्याकडे जुनी रेकॉर्ड असेल तो वादात आपोआप दोन पायऱ्या वर. मला 'डोन्ट बी डिनाइड' आवडतं. शाळेतला मार, घर सोडून गेलेले वडील, मग कॅनडाहून हॉलिवूड, हे सगळं तो कसलाही आव न आणता सांगतो. बाकीचा अल्बम? मिळाला, ऐकला, भाव उतरला. दादाला हे म्हटलेलं खपत नाही.

माझा मुद्दा हाच आहे. चाहत्यांच्या याद्यांमध्ये मिळण्या-न मिळण्याचा भाव फार चढलेला असतो. 'हार्वेस्ट' सगळीकडे, म्हणून खाली. 'टाइम फेड्स अवे' कुठेच नाही, म्हणून वर. याची चोख परीक्षा झाली ती 'होमग्रोन'ची. १९७५ मध्ये हा अल्बम तयार होता. नीलने मित्रांना तो ऐकवला आणि मागोमाग त्याच टेपवरचा 'टुनाइट्स द नाइट' वाजला. 'द बँड' याच नावाच्या बँडचा रिक डँको तिथे होता, त्याने दुसरा काढ म्हणून सांगितलं. 'होमग्रोन' कपाटात गेला. जोडीदार कॅरी स्नॉडग्रेसपासून तुटण्याच्या काळातली ती गाणी, फारच आतली, म्हणून नीललाही तो बाहेर नकोच होता. मग पंचेचाळीस वर्षं चाहत्यांनी त्याला हरवलेला राजपुत्र करून ठेवलं. जून २०२० मध्ये तो आला. बारा गाणी, त्यातली पाच कुठल्या ना कुठल्या रूपात आम्ही आधीच ऐकलेली. 'सेपरेट वेज' सुंदर, 'ट्राय' सुंदर. आणि 'फ्लोरिडा' म्हणजे काचेच्या किरकिरीवर बडबड. चांगला अल्बम आहे. राजपुत्र नाही. आमच्या वादात त्याचं नाव सहा महिन्यांत निघेनासं झालं.

'ऑन द बीच' मात्र या परीक्षेत टिकला. तोही वर्षानुवर्षं सीडीवर नव्हता, चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, हजारो सह्या जमल्या, आणि २००३ मध्ये तो आला. मी तो त्याआधी एका घरी-भरलेल्या कॅसेटवर ऐकला होता, ज्यात शेवटचं गाणं टेप संपली म्हणून मध्येच तुटायचं. सीडी आली तेव्हा मनात धाकधूक होती, की आपलं प्रेम त्या न मिळण्यावर तर नव्हतं ना. नव्हतं.

पहिल्या बाजूबद्दल फार बोलत नाही. 'रेव्होल्यूशन ब्लूज' जबरदस्त आहे, द बँडचे लेव्हॉन हेल्म ड्रमवर आणि डँको बेसवर असले की गाणं कसं धावतं ते ऐकावं. 'व्हँपायर ब्लूज'मध्ये जी खरखर येते ती बेसवादक टिम ड्रमंड आपल्या दाढीच्या खुंटांवर क्रेडिट कार्ड घासतोय त्याची. (हे कळल्यापासून मला ते गाणं गंभीरपणे ऐकता येत नाही.) पण खरा अल्बम रेकॉर्ड उलटवल्यावर सुरू होतो. तीन गाणी फक्त: 'ऑन द बीच', 'मोशन पिक्चर्स', 'अ‍ॅम्ब्युलन्स ब्लूज'.

शीर्षकगीत सात मिनिटांचं आणि इतकं संथ, की पहिल्यांदा ऐकताना मशीन बिघडलं असं वाटावं. ड्रम आहेत, पण ते ठेका धरत नाहीत, ठेक्याची आठवण करून देतात. ग्रॅहम नॅश वुर्लिट्झर पियानोवर अधूनमधून दोन स्वर ठेवतो. नीलचा गिटार सोलो येतो त्यात एकही जागा दाखवण्यासाठी घेतलेली नाही. स्वर धरतो, सोडतो, पुढचा स्वर सापडेपर्यंत थांबतो. लोक हवेत आणि लोकांसमोर उभं राहवत नाही, एवढंच म्हणणं. 'मोशन पिक्चर्स' त्याहून खाली, जवळजवळ पुटपुटणं. त्या दिवसांत स्टुडिओत साथीचा वादक रस्टी कर्शॉच्या कृपेने मधात शिजवलेल्या गांजाचा खुराक चालायचा, हे सर्वश्रुत आहे, आणि ते ऐकूही येतं. दादाचा आक्षेप नेमका इथे: हे झोपेत वाजवलंय. मी म्हणते, 'टुनाइट्स द नाइट' दारूत वाजवलेला चालतो का मग?

आणि 'अ‍ॅम्ब्युलन्स ब्लूज'. जवळपास नऊ मिनिटं. गिटारची चाल फोक गिटारवादक बर्ट जान्शच्या 'नीडल ऑफ डेथ'वरून आलीय, हे नीलने पुढे स्वतः कबूल केलं. टोरांटोच्या जुन्या फोक दिवसांपासून सुरुवात होते, रिव्हरबोट कॉफीहाउसचं नाव येतं, मग टीकाकारांना टोमणा, मग एका खोटारड्या माणसाबद्दलचं कडवं. तो माणूस कोण हे १९७४ च्या उन्हाळ्यात कोणाला सांगायची गरज नव्हती. अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या वर्तमानपत्रात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा द्यावा अशी बातमी दिसते. अल्बम जुलैमध्ये आला आणि ९ ऑगस्टला निक्सन गेलेच. हे सगळं एकमेकांशी जोडण्याची खटपट गाणं कुठेच करत नाही. कर्शॉचं व्हायोलिन (फिडल म्हणा) मागून गिरमिटासारखं घुमत राहतं, कधी सुरात, कधी सुराच्या कडेला. हार्मोनिका आली की श्वास ऐकू येतो, नुसता स्वर नाही. माझ्या त्या कॅसेटमध्ये शेवटचं कडवं नव्हतंच, त्यामुळे सीडी आली तेव्हा या गाण्याचा शेवट मी नव्याने ऐकला.

आता दादाची बाजू, कारण तो हे वाचणार आहे. 'टुनाइट्स द नाइट' १९७३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लॉस एंजलिसमधल्या वाद्यं भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणच्या तालीमखोलीत वाजवला, बाहेर आला जून १९७५ मध्ये. टकीला पिऊन, रात्री उशिरा, चुका तशाच ठेवून. 'मेलो माय माइंड'मध्ये वरच्या स्वरावर आवाज फाटतो. कुठल्याही निर्मात्याने पुन्हा घ्यायला लावलं असतं, डेव्हिड ब्रिग्जने ठेवलं. आणि मध्येच १९७० चं एक लाइव्ह गाणं येतं, 'कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन', त्यात मुख्य आवाज डॅनी व्हिटनचा. ज्याच्यासाठी हे सगळं शोकगान, तोच मधून मजेत गाऊन जातो, आणि गाणंही अमली पदार्थ विकत घ्यायला जाण्याचं. हे ठिकाण कुणाच्याही अल्बममध्ये इतकं भयानक नाही, दादा, मान्य. पण हा अल्बम मला वर्षातून एकदाच ऐकवतो. 'ऑन द बीच' मी स्वयंपाक करतानाही लावते. एवढ्यावरून वर-खाली ठरवायचं का? माझ्यापुरतं, हो.

ड्रमवाल्या मित्राला न्याय द्यायचा तर 'झुमा' (१९७५) आणि 'रॅग्ड ग्लोरी' (१९९०) आहेतच. 'झुमा'वर 'कॉर्टेझ द किलर' वाजवताना यंत्रांची वीज गेली, एक कडवं टेपवर आलंच नाही, बँडला पत्ताही नव्हता. निर्मात्याने सांगितलं तर नील म्हणाला, ते कडवं मला तसंही आवडत नव्हतं. साडेसात मिनिटांचं गाणं, पहिली तीनेक मिनिटं तो गातच नाही. मित्राच्या मते क्रेझी हॉर्सच्या राल्फ मोलिनापेक्षा चांगले ड्रमर हजार मिळतील, पण बिली टॅलबटच्या बेसशी इतका हट्टाने मागे राहणारा दुसरा नाही. त्याचा मान ठेवून 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर' (१९६९) मी नेहमी पहिल्या पाचात ठेवते. 'सिनॅमन गर्ल'चा एका स्वराचा सोलो ऐकून गिटार शिकणं सोडणारे आणि सुरू करणारे, दोन्ही मला माहीत आहेत.

ऐंशीच्या दशकावर बाकी सगळ्यांचं एकमत आहे, आणि तिथेच मी एकटी पडते. १९८३ मध्ये त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने, गेफन रेकॉर्ड्सने, नीलवर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. तक्रार अशी की तो देत असलेले अल्बम नील यंगसारखे नाहीत. चाहते हा किस्सा सांगून हसतात. मी त्यांना विचारते, तुम्ही 'ट्रान्स'ला काय वेगळं म्हणता? अगदी हेच. दावा पुढे मागे घेतला गेला, डेव्हिड गेफन यांनी माफीही मागितली. चाहत्यांनी अजून मागितलेली नाही. 'ट्रान्स'मध्ये तो व्होकोडर नावाच्या यंत्रातून गातो, शब्द कळत नाहीत, रोबो बोलल्यासारखं. पुढे त्याने सांगितलं की सेरेब्रल पाल्सी असलेला त्याचा मुलगा बेन बोलू शकत नव्हता, आणि त्याच्याशी संवादाची धडपड त्या आवाजात आहे. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही 'ट्रान्सफॉर्मर मॅन' आवडायचं, म्हणजे दया वगैरे नाही. 'एव्हरीबडीज रॉकिन' मात्र पंचवीस मिनिटांचा आहे आणि त्यातली वीस जास्त आहेत.

त्यानंतरचं भरभर सांगते. 'फ्रीडम' (१९८९) चांगला, त्याच्या जिवावर 'तो परत आला' असं सगळे म्हणाले. 'हार्वेस्ट मून' (१९९२) भाचीचा दोन नंबरचा. मला गोड होतो. 'स्लीप्स विथ एंजल्स' (१९९४) कोणाच्याच यादीत का नसतो? शीर्षकगीत 'निर्वाना' बँडच्या कर्ट कोबेनसाठी. कोबेनने आत्महत्येआधीच्या चिठ्ठीत नीलचीच ओळ लिहिली होती, आणि त्यावर भाषणं न ठोकता त्याने एक तुटक, काळं गाणं केलं. ब्रिग्जसोबत क्रेझी हॉर्सचा हा शेवटचा. पुढच्या वर्षी ब्रिग्ज गेला.

जानेवारी २०२२ ते मार्च २०२४ नीलची गाणी स्पॉटिफायवर नव्हती; कोविड लशींबद्दलच्या चुकीच्या माहितीला तिथे जागा मिळते म्हणून त्याने ती काढून घेतली होती. त्या काळात भाचीला तो ऐकायला मिळेना, तर तिने दादाकडून 'टाइम फेड्स अवे'ची रेकॉर्ड मागून नेली, आणि आता तिलाही ती फार भारी वाटते! दादा खूश आहे. मी काय बोलणार?

तर माझी यादी: 'ऑन द बीच', 'टुनाइट्स द नाइट', 'एव्हरीबडी नोज', 'हार्वेस्ट', 'आफ्टर द गोल्ड रश', 'रस्ट नेव्हर स्लीप्स' (लाइव्ह आहे की नाही ते तुम्ही ठरवा), 'स्लीप्स विथ एंजल्स', 'झुमा', 'ट्रान्स'. दहावी जागा मित्राच्या आग्रहाखातर 'रॅग्ड ग्लोरी'ला. 'ट्रान्स' काढून तिथे 'कम्स अ टाइम' घाला असा निरोप दादाने आत्ताच पाठवलाय. नाही घालणार.